उभा मणका

मला हाडं ओळखता यायची. नुसती बघून नव्हे, डोळे मिटून, हातात घेऊन. याचा मला एके काळी एवढा गर्व होता, की आता तो आठवला तरी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

सोलापूरच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करत होते. दुसऱ्या वर्षाला आम्हाला तुलनात्मक शरीररचना हा विषय होता. पाठीचा कणा असलेले प्राणी घ्यायचे, मासा, बेडूक, सरडा, कबुतर, ससा, आणि ते आतून एकमेकांसारखे कुठं आहेत, वेगळे कुठं आहेत, ते बघायचं. कुणाच्या हृदयाला किती कप्पे, कुणाच्या मानेत किती मणके, कुणाची बरगडी कुठं चिकटते. आठवड्यातून दोन दुपारी प्रॅक्टिकल असायचं. कापाकापी आमच्या आधीच बंद झाली होती. मेणाचे ट्रे कोपऱ्यात एकावर एक रचून ठेवलेले, त्यावर धूळ. आमच्या वाट्याला आली ती काचेच्या कपाटातली जुनी हाडं आणि फॉर्मॅलिनच्या बरण्यांत पांढरेफटक पडलेले जीव. बरण्यांवरची लेबलं माझ्या जन्माच्याही आधी कुणीतरी दौतीतल्या शाईनं लिहिलेली होती.

वर्गातल्या बहुतेकांना तो विषय नकोसा होता. हाडकं मोजून काय दिवे लावणार, असं म्हणत जर्नल एकमेकांची बघून उतरवायचे. मला मात्र तो पहिल्या तासापासून आवडला. मी सांगोल्याकडच्या एका वस्तीवरची. आमच्या दारात शेळ्या. ओढ्याकाठनं शाळेत जाताना मेलेल्या जनावरांची हाडं पायानं उडवत जायचो आम्ही. त्या हाडांना नावं असतात, त्यांच्या प्रत्येक खाचेला आणि भोकाला काहीतरी कारण असतं, हे मला पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं.

सांगायच्या मॅडम, पण शिकवायचे मामा. मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. घरी तेलुगू बोलणारे, वडिलांचं आयुष्य चादरीच्या मागावर गेलेलं, स्वतः दहावी शिकलेले. तीस वर्षं त्याच कपाटांची कुलपं उघडत आणि लावत आलेले. बाहेरून आलेले परीक्षकसुद्धा एखाद्या हाडापाशी अडले की हळूच मामांकडं बघायचे. मामांची एक पद्धत होती. जुन्या चादरीच्या तुकड्याची एक पिशवी शिवलेली, तोंडाला नाडी. तिच्यात ते वेगवेगळ्या प्राण्यांचे मणके टाकायचे आणि म्हणायचे, "हात घाल की बाळ. बाहेर काढायचं नाही. आतच सांगायचं."

"का पण मामा?"

"परीक्षेत लाईट गेली म्हणजे? सोलापूर हाय हे."

लाईट जायची हे खरं, पण मामांचं म्हणणं तेवढंच नव्हतं. डोळ्यांनी बघून पोरं चित्र पाठ करतात, बोटांना पाठ करता येत नाही, असं ते म्हणायचे. माशाचा मणका दोन्ही बाजूंनी वाटीसारखा खोल. बेडकाचा एकाच बाजूनं. पक्ष्याच्या मानेतला खोगिरासारखा वळलेला. सशाचा दोन्हीकडून सपाट. पहिले आठ दिवस माझी फजिती झाली. नंतर बोटं आपोआप सांगायला लागली. दिवाळीच्या आधी तर अशी वेळ आली की मी पिशवीत हात घातला की पोरी गोळा व्हायच्या, आणि मामा त्यांचा चष्मा कपाळावर चढवून एखाद्या पैलवानाच्या वस्तादासारखे बाजूला उभे राहायचे.

त्या पिशवीत सशाच्या पाठीचा एक मणका होता. प्रत्येक मणक्याला वरच्या बाजूला एक काटा असतो. आपल्या पाठीवर मधोमध हात फिरवला की जी टोकं लागतात, ती या काट्यांची. सशाच्या पाठीत पुढच्या मणक्यांचे काटे मागं, शेपटीकडं कललेले असतात. कमरेकडच्या मणक्यांचे काटे पुढं, डोक्याकडं कललेले. मधे एक मणका असा येतो, जिथं ही दिशा बदलते. त्याचा काटा इकडंही नाही आणि तिकडंही नाही, सरळ उभा. पाठीचा दहावा. मामा त्याला उभा मणका म्हणायचे. तो ओळखणं अवघड होतं, कारण नुसता तेवढाच हातात असला की शेजारी कोण कुठं कललंय ते कळत नाही. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या चाचणीत मॅडमनी नेमका तोच माझ्या हातात दिला. मी ससा म्हणाले, पाठीचा म्हणाले, दहावा म्हणाले, आणि वर काटे का वळतात ते समजावून सांगितलं. चार पायांवर चालणाऱ्या जनावराचा कणा म्हणजे एक पूल, मागचे पाय ढकलतात, पुढचे झेलतात, आणि मधे ताण कुठंतरी पलटतो. मॅडमनी बाकीच्यांना हाक मारून ते पुन्हा सांगायला लावलं. त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते.

तशीच, पाय जमिनीवर नसलेली, मी दिवाळीला घरी गेले.

आईची पाठ दुखत होती. ती डाळिंबाच्या बागेत रोजानं जायची. दिवसभर वाकणं, क्रेट उचलणं, घरी आल्यावर पुन्हा शेळ्या, पाणी, भाकरी. तिच्या वयाच्या कुठल्या बाईची पाठ दुखत नव्हती? ती वाळलीही होती. चोळी सैल झाली होती. संध्याकाळी अंग कसकसतंय म्हणून ती गोधडी घेऊन चुलीपाशी बसायची. हे सगळं मी पाहिलं. पाहिलं नाही असं म्हणायची सोय नाही. पण मी तिथं आजार बघायला गेलेच नव्हते, मी हुशारी दाखवायला गेले होते.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती अंगणात बसली होती. मी तिच्या मागं बसून तिला तेल लावत होते, आणि तोंडानं माझं चालूच होतं. मामांची पिशवी, मॅडमचं कौतुक, सशाचे मणके, सगळं. तिला किती कळत होतं देव जाणे, पण ती हुं हुं करत होती. मग ती म्हणाली, "आगं, मग माजी पाट बग की. हितं मधी लई दुकतंय. सगळी हाडं जाग्यावर हायती का न्हाय?"

मी मोजायला लागले. मानेच्या मुळाशी जो ठसठशीत मणका लागतो, तो सातवा. तिथून खाली पाठीचे, एक, दोन, तीन. पाठीवर मांस उरलंच नव्हतं, त्यामुळं मोजणं सोपं होतं. मला त्याचंही बरं वाटलं, सांगायला लाज वाटते. दहाव्यापाशी माझं बोट एका उंचवट्यावर चढलं. तिथं एक काटा बाकीच्यांपेक्षा वर आलेला होता. सुपारीएवढा. मी दाबलं तशी आई कळवळली.

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "आई, हाच तो. हाच उभा मणका."

मला खरंच तसं वाटलं. खोटं बोलत नव्हते मी. आम्हाला सारखं सांगितलेलं, की माशापासून माणसापर्यंत घराचा नकाशा एकच आहे, नुसत्या भिंती इकडंतिकडं झाल्यात. सशात आहे, कुत्र्यात आहे, म्हणजे माणसात असणारच. पुस्तकात माणसाचं पान आमच्या अभ्यासाला नव्हतं, आणि ते उघडून बघावं अशी गरज मला वाटली नाही. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली मी. मी तिला समजावून सांगितलं, की तिथं ताण पलटतो, काटा सरळ वर येतो, म्हणून हाताला लागतो. क्रेट उचलून तिथं जास्त लागतंय एवढंच. आठ दिवस वाकू नको.

तरी आईला पटलं नव्हतं. ती म्हणाली, "आदी न्हवतं बाय असं. आत्ता आत्ता आलंया."

"आधी अंगावर मांस होतं, म्हणून लागत नव्हतं."

किती तयार उत्तर. आणि तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी उठून दावणीची एक शेळी धरून आणली. आईला म्हटलं, हिच्या पाठीवर बोट फिरव. शेळीची पाठ चाचपून तिचा अंदाज घ्यायचं आईला कुणी शिकवायची गरज नव्हती. बाजारात ती त्याच हातानं शेळी पारखायची. तिनं डोळे बारीक करून बोट फिरवलं, एका जागी थांबली, मागं गेली, पुन्हा तिथं आली. शेळीच्या पाठीतही दिशा बदलते, तसा मणका तिलाही असतो. आईचं बोट बरोबर त्यावर होतं.

"व्हय की गं," ती म्हणाली, आणि हसली. "हिला बी हाय."

त्या दिवसापासून आईनं पाठीची काळजी सोडली. माझ्या पोरीनं बघितलंय, आणि मी पण हातानं बघितलंय, असं तिचं झालं. बागेत जाणाऱ्या बायकांना तिनं ते सांगितलं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं. मी सुट्टी संपवून सोलापूरला परत आले.

पुढचे चार महिने फोनवर मी विचारायचे, "पाठ कशी हाय?" ती म्हणायची, "हाय तशीच. कामाची पाट हाय ती." मी माझ्या जर्नलमध्ये कवट्या काढत होते. माझी आकृती चांगली यायची, मॅडम ती दुसऱ्यांना दाखवायच्या. जानेवारीत एकदा आई म्हणाली की पायाला मुंग्या येतात. मी म्हटलं शेंगदाणे खा, गूळ खा, रक्त कमी असेल. ती म्हणाली बरं.

मार्चमध्ये, आमच्या प्रॅक्टिकल परीक्षेला पाच दिवस असताना, अण्णांचा फोन आला. आई बागेत पडली होती. घसरून नव्हे. चालता चालता पाय गेले म्हणे, नुसती खाली बसली आणि उठताच येईना. शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये गादी टाकून तिला सोलापूरला आणत होते. मी सरकारी दवाखान्याच्या दारात जाऊन उभी राहिले. गाडी आली तेव्हा आई गादीवर पडल्या पडल्या माझ्याकडं बघून म्हणाली, "तुझा अब्यास बुडाला की गं."

डॉक्टर तरुण होते. दोन दिवस तपासण्या झाल्या, मग त्यांनी अण्णांना आणि मला आत बोलावलं आणि फिल्म उजेडावर लावली. मला ती वाचता येत होती, तेवढं मेलं येत होतं. दोन मणके एकमेकांत रुतून एक झाले होते. पुढच्या बाजूनं खचलेले, म्हणून काटा मागं वर आलेला. डॉक्टर म्हणाले, मणक्याचा टीबी आहे. हाड आतून पोखरत जातं, पू होतो, तो नसांवर दाब टाकतो. लवकर कळलं तर नुसत्या गोळ्यांनी माणूस चालत घरी जातो. मग त्यांनी विचारलं, "पाठीवरचा हा उंचवटा कधीपासून आहे?"

अण्णा म्हणाले, "दिवाळीपासनं हाय की. हिनंच बघितला हुता. ही तेच शिकती."

अण्णांनी ते अभिमानानं सांगितलं. त्यांना वाटलं, मुलगी डॉक्टरांच्याच जातीची आहे, जरा आदर मिळेल.

डॉक्टर माझ्याकडं वळले. "मेडिकलला आहात?"

"नाही. बी.एस्सी. प्राणिशास्त्र."

ते वळून फिल्म काढायला लागले. त्यांनी मला झापलं असतं, अक्कल काढली असती, तर मी आयुष्यभर त्यांची उपकृत राहिले असते.

बाहेरच्या बाकावर अण्णांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, सहज. संक्रांतीच्या सुमारास ते आईला तालुक्याच्या एका डॉक्टरांकडं घेऊन गेले होते. त्यांनी पाठीवर हात फिरवला, आणि पाठीचा फोटो, एक्स-रे, काढून आणा म्हणाले. सोलापूरला जा, उशीर करू नका म्हणाले. चिठ्ठीसुद्धा लिहून दिली. आई एसटी स्टँडपर्यंत आली आणि तिथून माघारी फिरली. म्हणाली, "पोरीनं हात लावून सांगितलंया, तो मनका तसाच अस्तोय. शेळीला बी अस्तोय. उगं कशाला पळायचं?"

हे ऐकून मी उठले आणि नळाखाली तोंड धरलं. दुसरं काय करणार होते.

आईच्या ऑपरेशनचा आणि माझ्या परीक्षेचा दिवस एकच आला. मी जाणार नव्हते. आदल्या रात्री आई जेवण तोंडात घेईना, पोरगी परीक्षेला गेल्याशिवाय मी आत जात नाही म्हणाली. गेले. टेबलांवर ओळीनं वस्तू मांडलेल्या, प्रत्येकाला नंबर, घंटा वाजली की पुढं सरकायचं आणि ओळखून लिहायचं. काय लिहिलं मला आठवत नाही. सगळं बरोबर लिहिलं असणार, कारण मार्क चांगले पडले. संपल्यावर बाकीच्या पोरी निघून गेल्या आणि मी मामांपाशी थांबले. ते हाडं पुसून डब्यात भरत होते.

"मामा," मी विचारलं, "तो उभा मणका माणसाला असतो का हो?"

मामा हसले. "माणूस दोन पायांवर चालतंय की बाळ. त्याचे सगळे काटे खालीच जातेत. त्याला कशाला पाहिजे?" मग त्यांनी माझं तोंड बघितलं. "का गं? परीक्षेत विचारलं काय?"

मी नाही म्हणाले. एवढाच प्रश्न होता. ऑक्टोबरमध्ये विचारला असता तरी त्यांनी हेच, हाडं पुसता पुसता, सांगितलं असतं. पण तेव्हा मला विचारायचं नव्हतं, मला सांगायचं होतं.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी जे करायचं ते केलं, मन लावून केलं. पण नसा फार दिवस दबलेल्या होत्या. दीड वर्ष गोळ्या झाल्या, टीबी गेला, पाय आले नाहीत. पहिले सहा महिने आम्ही रोज तिच्या अंगठ्याकडं बघत बसायचो. ती म्हणायची, हलला की आत्ता. अण्णा म्हणायचे, व्हय, मला बी दिसलं. मला कधी दिसला नाही. हलला असता तर मला दिसला असता, मी दुसरं काही बघतच नव्हते. तिसऱ्या वर्षाला मी एसटीनं येऊन जाऊन करत होते. परीक्षा देऊन घरीच राहिले.

आई अंगणात खाटेवर असायची. बायका येऊन बसायच्या. आणि तिथं मी पहिल्यांदा ते ऐकलं. मी आत चहा ठेवत होते. बाहेर कुणीतरी म्हणालं, एवढी शिकलेली पोरगी घरात असून असं कसं झालं. आई म्हणाली, "आगं, तिनं तवाच वळकलं हुतं. हात लावला आन् म्हणली, आई, हे बरं न्हाय, सोलापुरात जाऊन फोटू काड. मीच न्हाय ऐकलं. म्या म्हणलं, कामाचं दिस हायत, मागनं बगू. माझं मलाच भवलं."

माझ्या हातात चहाची गाळणी होती. मी ती तशीच धरून उभी राहिले, चहा उतू गेला. नंतर ते मी कितीतरी वेळा ऐकलं. येईल त्याला ती तेच सांगायची, दर वेळी थोडं जास्त रंगवून. एकदा तर मी रडून तिच्या पाया पडले होते आणि तरी ती गेली नाही, असंही सांगितलं.

एका दुपारी मी तिला पुसून घेत होते. तिला कुशीवर वळवलं होतं, पाठ माझ्याकडं. पडून पडून पाठीला जखमा झाल्या होत्या, त्या धुवायला लागायच्या. मी म्हटलं, "आई, तू लोकांना असं का सांगतीस? फोटो काढ म्हणून तालुक्याचे डॉक्टर म्हणाले होते. मी नाही."

"मग काय सांगू?" ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली. "पोरीनं बघितलं आन् तिला न्हाय कळलं, असं सांगू? तुला नोकरी लागायची हाय. तुजं लगीन हुयाचं हाय. शिकून वाया गेली म्हनतील."

"म्हणू देत. खरंच आहे ते. माझ्यामुळं झालं हे सगळं."

मला वाटलं, ती म्हणेल, नाही गं बाई, नशीब माझं. आया तसंच म्हणतात.

"व्हय," ती म्हणाली. "झालं आसंल तुज्यामुळं. मग? माजं पाय गेलं ते गेलं. आता तुजं शिक्षान बी घालवू का मी?"

मी तिच्या पाठीवर डोकं टेकून रडले. माझ्या रडण्याचं तिला खाली कंबरेशी काही जाणवत नव्हतं, वर खांद्याशी तेवढं जाणवत असणार. ती म्हणाली, "बास कर. तू बी तसंच सांगायचं. मी आसताना बी, आन् नसताना बी. माज्या गळ्याची आन हाय तुला." मग म्हणाली, "आता कूस बदल माजी, लई येळ झाला."

ती त्यानंतर सव्वा वर्ष जगली. जखमा चिघळल्या, ताप चढला, आणि पावसाळ्याच्या शेवटी तीन दिवसांत गेली.

तेराव्याला घर भरलं होतं. जेवणं झाल्यावर बायका भिंतीला टेकून बसल्या आणि आईचं बोलणं निघालं. मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, मधे बसली होती. ती म्हणाली, "हट्टी लई. लहानपनापासनं तसलीच. कुनाचं ऐकायची न्हाय." दुसरी म्हणाली, आपल्या हातानं मरण ओढवून घेतलं बाईनं. तिसरी म्हणाली, एवढी सोन्यासारखी पोर सांगती, आन् हिला बागेचं काम मोठं. एकेक जण काहीतरी घालत गेली. माझी आई, जिनं जन्मात कुणाचं मन मोडलं नाही, जी माझ्या एका वाक्यावर एसटी स्टँडवरून माघारी फिरली, ती त्या खोलीत हळूहळू एक हेकेखोर, कामाला हपापलेली, स्वतःच्या जिवावर उठलेली बाई होत चालली होती. मी एका वाक्यात ते थांबवू शकले असते.

मावशीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिचे डोळे भरले होते. "तू तर सांगितलं हुतंस, न्हवं गं बाळ?"

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या.

"व्हय," मी म्हणाले. "ऐकलं न्हाय तिनं."